सासूबाईंना घेऊन ॲपची टेस्टिंग करायची म्हणतात, हो म्हणू का?

पत्र, थोडं कमी करून: "ताई, आम्ही मानेवाड्याला राहतो. सासूबाई ७४ वर्षांच्या, महालातल्या प्रायमरी शाळेतून रिटायर्ड. मागच्या वर्षी रामदासपेठेतल्या न्यूरोच्या डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. ओळखीतून कॉलेजच्या दोन मुली घरी आल्या होत्या, त्या डिमेन्शियाच्या पेशंटसाठी आणि घरच्यांसाठी ॲप बनवून राहिल्या. गोळ्यांची आठवण, नावासकट फोटो, आई कुठे आहेत ते मॅपवर दिसणं आणि मेमरीचे गेम. चार वेळा यायचं म्हणतात, दरवेळी संध्याकाळी ५ ते ६, व्हिडिओ काढणार. यांच्या सहीसाठी दोन पानांचा इंग्रजी फॉर्म देऊन गेल्या. आईंना मुली फार आवडल्या पण दुसऱ्या दिवशी कोण आलं होतं तेच आठवेना. पुण्याची नणंद म्हणते आईला प्रयोगाचा उंदीर करू नका. मलाही एक फॉर्म दिला होता, ॲप किती उपयोगी वाटतं, १ ते ५. मी सगळीकडे ४ टाकले कारण मुली गोड आहेत, ॲप मी नीट पाहिलंही नव्हतं, आई रात्रभर उठत राहतात, माझीच झोप होत नाही. ज्यांना कालचं आठवत नाही त्यांना विचारून काय उपयोग? आणि हो म्हणू की नाही?" – एक सून, नागपूर

ताई, हो म्हणा. पण मुलींनी आत्ता जसं ठरवलंय तसंच्या तसं नाही, आणि आईंना स्वतःला विचारल्याशिवाय तर अजिबात नाही. तुमच्या मिस्टरांची सही नंतर घेता येईल, आधी आईंना विचारायचं.

नणंदबाईंचं आधी घेते, कारण त्यांच्या बोलण्याला घरात उगाच विरोध म्हणून बाजूला टाकू नका. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश (अल्झायमर त्यातलाच एक), झाला की माणसाला विचारायचंच बंद होतं, डॉक्टरकडे गेलं तरी प्रश्न आपल्याला, बँकेत गेलं तरी आपल्याला, आणि ॲपवाल्यांचंही तसंच होतं, सुनेला-मुलाला विचारलं की झालं काम. मग असे ॲप निघतात जे आपल्याला बघायला छान वाटतात आणि ज्यांच्यासाठी बनवले ते हात लावत नाहीत. पण उलट बाजूही बघा ना, आपण घराचं दार लावून घेतलं तर हीच मुलं आयटी पार्कात बसून अंदाजाने बनवतील. लासी-डॅड नावाचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला, त्यात भारतात साठीच्या पुढच्या लोकांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसं, त्यातही बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आणि खेड्यात शहरापेक्षा जास्त. एवढ्या लोकांना काय जमतं, कुठे अडतं, हे आईंसारख्या माणसाच्या शेजारी बसल्याशिवाय कोणालाच कळणार नाही. उंदीर करायचा नसेल तर एकच उपाय, त्यांना बोलू द्यायचं आणि त्यांचं ऐकायचं.

आता तुमचा मोठा प्रश्न, आठवतच नाही तर विचारून काय उपयोग. अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लवकर बाधित होतो, नवीन घडलेलं साठवून ठेवायचं काम मुख्यतः तो करतो, म्हणून कालच्या मुली आठवत नाहीत. पण आत्ता समोर आहे ते आवडलं का, कंटाळा आला का, राग आला का, हे कळायला कालचं आठवावं लागत नाही. मुली आल्या तेव्हा आईंना बरं वाटलं ते खरंच होतं ना. म्हणून "मागच्या आठवड्यात ॲप किती वेळा उघडलं" हा प्रश्न आईंना विचारायचाच नाही, तो विचारला की त्या गोंधळतील, तोंडदेखलं काहीतरी सांगतील नाहीतर तुमच्याकडे बघतील. विचारायचं ते टॅबलेट हातात असताना आणि त्याच क्षणाबद्दल. एका वेळी एकच प्रश्न, आणि विचारल्यावर गप्प बसायचं, आपल्याला वाटतं तेवढ्याहून बरंच जास्त वेळ. उत्तर यायच्या आत प्रश्न वेगळ्या शब्दांत परत टाकला की आधीचा अर्धवट समजलेला प्रश्नही हातचा जातो. "कसं वाटलं?" पेक्षा दोन चित्रं समोर ठेवून "हे की हे?" बरं पडतं.

मुली बहुतेक अजून एक गोष्ट शिकून येतील, की वापरणाऱ्याला सांगायचं काम करता करता मनात काय चाललंय ते मोठ्याने बोलत जा. टेस्टिंगमध्ये ही पद्धत सगळीकडे वापरतात. पण आईंना बटण शोधणं आणि त्याच वेळी बोलत राहणं या दोन गोष्टी एकत्र जड जाणार, बोलायला गेल्या की हात थांबेल. त्यांना सांगा, बोलायला लावू नका, बोट बघा. बोट आधी कुठे गेलं, कुठे थबकलं. वयस्क माणसाचं बोट स्क्रीनवर टेकतं आणि तिथेच राहतं, फोनला वाटतं यांनी मुद्दाम दाबून धरलं, मग चित्रं हलायला लागतात नाहीतर भलतीच खिडकी उघडते, आणि आई हात असा झटकन मागे घेतील आणि तुमच्याकडे बघतील, काहीतरी बिघडवलं म्हणून. कधी बोटाची कातडी कोरडी पडलेली असते, स्क्रीन स्पर्श घेतच नाही, मग त्या अजून जोरात दाबतात. कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांमागे मेनू लपलाय हे त्यांना कळायचं कारणच नाही. अर्ध्या मिनिटात स्क्रीन काळी झाली तर त्यांच्यासाठी ते यंत्र बंद पडलं, विषय संपला. आणि लॉगिनला ओटीपी मागत असेल तर आई ते ॲप एकट्याने कधीच उघडू शकणार नाहीत. यातलं काहीही १ ते ५ च्या फॉर्ममध्ये येत नाही बघा.

गोळ्यांच्या आठवणीचं तर मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांच्या फोनवर ठरल्या वेळी आवाज यायचा, "गोळी घ्या". काका अगदी अदबीने फोनला "हो, घेतो हं" म्हणायचे आणि होते तिथेच बसून राहायचे. मग स्क्रीनवर हिरवं बटण यायचं, ते दाबलं की आवाज थांबतो एवढं त्यांना बरोबर समजलं होतं, म्हणून दाबायचे. तिकडे बंगलोरला मुलीच्या फोनवर "घेतली" अशी खूण. गोळी डबीत. मुलगी निश्चिंत, ॲपच्या हिशोबात शंभर टक्के काम झालं, आणि बीपी वाढलेलं. कधीकधी तर काका उठून हा आवाज कोणाचा, घरात कोण आलंय म्हणून खोल्या बघून यायचे. हे त्यांच्या घरी सकाळी जाऊन बसल्याशिवाय कोणाला कळलं असतं सांगा. तुमच्याकडे येणाऱ्या मुलींना म्हणा, बटण दाबलं की नाही हे मोजू नका, गोळी पोटात गेली का ते बघा.

मेमरी गेमबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय. तुमच्या सासूबाई शिक्षिका होत्या. आयुष्यभर लाल पेन त्यांच्या हातात, दुसऱ्याच्या वहीवर बरोबर-चूक त्यांनी केलेलं. त्यांच्यासमोर एखादा गेम सफरचंदाचं चित्र ठेवून नाव विचारणार, नाव ओठावर येणार नाही, आणि स्क्रीनवर लाल फुली आणि बझर वाजणार. ती फुली त्यांना उद्या आठवणार नाही, पण तो उतरलेला चेहरा संध्याकाळभर तसाच राहील आणि का वाईट वाटतंय हे त्यांनाही सांगता येणार नाही. हे मला मान्य नाही, कोणत्याही प्रोजेक्टसाठी नाही. मुलींना स्पष्ट सांगा, चुकल्याची खूण असलेला कोणताही खेळ आमच्या घरात नको. आणि त्या गेमने आठवण परत येते असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत ल्युमोसिटी नावाच्या ब्रेन गेमच्या कंपनीने अशाच जाहिराती केल्या होत्या, विसराळूपणा आणि डिमेन्शिया लांबतो म्हणून, तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये त्यांच्याकडून २० लाख डॉलर भरून घेतले कारण दाव्यांना पुरेसा पुरावाच नव्हता.

त्याऐवजी फोटोंचा भाग आहे ना, तो चांगला आहे, त्यात मुलींना आईंकडून खूप मिळेल. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या म्युझियमवाल्यांनी २०१४ मध्ये "माय हाउस ऑफ मेमरीज" नावाचं ॲप काढलं, जुन्या वस्तूंची चित्रं दाखवून गप्पा सुरू करायच्या असं, आणि ते बनवताना डिमेन्शिया असलेल्या लोकांनाच बरोबर घेतलं होतं. आता तिथली चित्रं आपल्याकडे कामाची नाहीत. आईंना तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल दाखवा, मारबतीची मिरवणूक, महालातली जुनी गल्ली, बर्डीचा मेन रोड, शाळेची पितळी घंटा. आणि "हे काय आहे?" असं विचारायचं नाही, ती परीक्षा झाली. "तुमच्या शाळेत तान्हा पोळा व्हायचा का?" असं विचारा, मग बघा किती बोलतात. नाव नाही आठवलं तरी गोष्ट सांगता येते.

वेळ बदलायला सांगा, हे पक्कं. अल्झायमरमध्ये पुष्कळ लोकांची अस्वस्थता दिवस मावळायला लागला की वाढते, "घरी जायचं" सुरू होतं, तेव्हा ५ ते ६ ही सगळ्यात चुकीची वेळ. कॉलेज सुटल्यावर मुलींना सोयीचं पडतं हे समजतं, पण सोय आईंची बघायची. सकाळी चहा-अंघोळ झाल्यावर, अर्धा तास, त्यातही वीस मिनिटांत थकल्या तर वीसच. टीव्ही बंद, चष्मा पुसून डोळ्यावर. कान तपासून घेतलेत का? नसतील तर या निमित्ताने घ्या, ॲप आवाजात बोलत असेल तर पुष्कळदा न ऐकू आलेलं आपण न समजलेलं धरतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने (लॅन्सेट कमिशन) २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण काहीतरी करता येईल अशा १४ गोष्टी मांडल्या त्यात ऐकू कमी येणं आहे आणि उपचार न केलेली अधू नजरही. दरवेळी त्याच दोघी येऊ द्या, आणि आल्या की नाव, कुठून आलो, कशासाठी, सगळं नव्याने सांगायचं. "ओळखलं का मला?" हे तर कोणीही विचारू नका, पाहुणेही नाही.

आता सही. आरोग्याच्या संशोधनासाठी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यानुसार माहिती माणसाला समजेल त्या भाषेत द्यायची असते, आणि ज्यांना स्वतः निर्णय घेणं शक्य नाही त्यांच्या वतीने कायद्याने मान्य असलेला नातेवाईक संमती देऊ शकतो, पण म्हणून त्या व्यक्तीचं हो-नाही संपत नाही, आणि मधेच केव्हाही थांबता येतं. तेव्हा इंग्रजी फॉर्म परत द्या, मराठीत आणा म्हणावं, मोठ्या अक्षरात, एका पानात, आणि आईंसमोर बसून वाचून दाखवा. कॉलेजच्या एथिक्स कमिटीने, म्हणजे असं संशोधन नैतिकदृष्ट्या बरोबर आहे का ते तपासणाऱ्या समितीने, हे पाहिलंय का तेही विचारा, विचारण्यात संकोच कसला. आणि एकदा हो म्हटलं म्हणजे चारही वेळा हो झालं असं नाही, आईंना तर आधीचं हो आठवणारच नाही, म्हणून दरवेळी दारात नव्याने विचारायचं, "आज बसायचं का थोडा वेळ?" तोंडाने नाही म्हणणार नाहीत त्या, शिक्षिका आहेत, मुलींना नाराज करणार नाहीत. पण पदराचं टोक पिळायला लागल्या, दाराकडे बघायला लागल्या, "तुमचा चहा झाला का" असं परत परत विचारायला लागल्या तर ते नाहीच आहे, आणि ते मुलींच्या आधी तुम्हाला कळेल. तिथे थांबायचं. उठताना मात्र त्यांना जमतं असं काहीतरी करून उठायचं, एखादी कविता म्हणू द्या, मुलींच्या वहीत नाव लिहून द्यायला सांगा.

व्हिडिओचं नीट ठरवा. चेहरा कशाला पाहिजे, हात आणि स्क्रीन दिसला तरी त्यांचं काम होतं. कोणाच्या लॅपटॉपवर राहणार, त्यांच्या कॉलेजच्या सरांशिवाय कोण बघणार, कधी डिलीट करणार, लेखी घ्या. प्रेझेंटेशनमध्ये किंवा इन्स्टावर आईंचा गोंधळलेला चेहरा दिसता कामा नये. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तर असं म्हणतो की संमती मागताना ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायचा, म्हणजे मराठी मागणं हा काही तुमचा हट्ट नाही, आणि दिलेली संमती मागे घेता येते हेही त्यात आहे.

आणि ताई, तुम्ही. ते सगळे ४. समोर गोड मुलगी बसली असताना कोणीही ४ च टाकतं, त्यात तुमचं काही चुकलं नाही, पण त्या मुली ते ४ रिपोर्टमध्ये लावतील आणि समजतील की केअरगिव्हरला, म्हणजे सांभाळणाऱ्या माणसाला, ॲप आवडलं. त्यांना फोन करून सांगा की तो फॉर्म धरू नका, त्याऐवजी माझ्याशी वेगळं बसून बोला. वेगळं म्हणजे खरंच वेगळं, आईंच्या कानावर जाणार नाही असं, कारण आईंसमोर तुम्ही खरं बोलणार नाही आणि त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल "या असं करतात, तसं करतात" बोलूही नये. उपयोगी वाटतं का विचारण्यापेक्षा त्यांनी विचारावं, काल रात्री दहापासून सकाळपर्यंत काय काय झालं ते सांगा. तुम्ही रात्री किती वेळा उठलात, कशासाठी, तेव्हा फोन कुठे होता, हात कशात अडकले होते. ज्या बाईला रात्री झोप नाही तिला पाच मेनूंचं ॲप देऊन उपयोग नाही हे त्यांना तेव्हा कळेल. जागतिक आरोग्य संघटनेचा केअरगिव्हरसाठी "आयसपोर्ट" नावाचा ऑनलाइन कार्यक्रम आहे, चांगला आहे, बंगलोरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतल्या मंडळींनी तो भारतासाठी बदलून वापरूनही पाहिला, पण शेवटपर्यंत टिकून राहणं बऱ्याच घरच्यांना जमलं नाही. माहिती चांगली असणं वेगळं आणि थकलेल्या माणसाला ती घेता येणं वेगळं.

मॅपवाल्या भागात तुमचं आणि आईंचं एकमत नसेल, तेही मुलींना दिसू द्या. तुम्हाला वाटणार, आई कुठे आहेत ते कळलं पाहिजे, जीव टांगणीला असतो. आईंना वाटू शकतं, मी काय चोर आहे का. दोन्ही खरं आहे. शिवाय आई महालातल्या शाळेकडे निघाल्या आणि फोन घरी टीव्हीवर राहिला तर मॅप आनंदाने मानेवाडाच दाखवणार. घड्याळ किंवा गळ्यातलं लॉकेट असेल तर चार्ज कोण करणार, अंघोळीला काढलं की परत कोण घालणार, त्याचं उत्तर बहुतेक तुम्हीच असणार, म्हणजे अजून एक काम तुमच्यावर. म्हणून ॲप दाखवायच्या आधी आईंना विचारा, "बाहेर गेल्यावर मला कळवत जाल का, कसं कळवाल?" कदाचित त्या म्हणतील कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला सांगून जाते. मग त्या किराणावाल्याकडे तुमचा नंबर असणं हे तुमच्या घरासाठी पहिलं काम, ॲप नंतर.

अजून एक विचारून घ्या, प्रोजेक्ट संपल्यावर ॲपचं काय. आईंना त्या फोटोंची सवय लागली आणि सबमिशन झाल्यावर सर्व्हर बंद केला, तर ते तुम्हाला निस्तरावं लागेल. निदान फोटो आणि आवाज पेनड्राइव्हवर काढून द्या म्हणावं. आणि आईंनी दाखवलेल्या चुकांपैकी काय दुरुस्त केलं ते शेवटच्या वेळी येऊन त्यांनाच दाखवा, "आजी, तुम्ही सांगितलं म्हणून हे बटण मोठं केलं" असं म्हणून. त्यांना आपण सांगितल्याचं आठवणार नाही, तरी सांगा.

मुलींना आजच मेसेज टाका, असा: "सकाळी १० वाजता या, अर्धा तास. मराठी फॉर्म आणा. आईंना आवडलं नाही तर तिथेच थांबायचं. चुकीची खूण असलेला गेम नको. चेहऱ्याचा व्हिडिओ नको. माझ्याशी वेगळं बोला." चांगल्या मुली असतील तर त्यांना हे वाचून बरंच वाटेल, त्यांना कोणी एवढं स्पष्ट सांगत नसतं. कुरकुर केली तर नाही म्हणून टाका, वाईट वाटून घेऊ नका.

पहिल्या दिवशी नणंदबाईंना व्हिडिओ कॉलवर घ्या, गप्प बसून बघू द्या, नंतर त्यांनाही विचारा काय दिसलं. आणि त्यांना हेही सांगा की आईची एवढी काळजी वाटते तर महिन्यातून दोन-तीन दिवस येऊन रात्री त्यांच्याजवळ झोपा, हे मागायला लाजू नका. आईंच्या रात्रीच्या उठण्याचं डॉक्टरांना पुढच्या व्हिजिटची वाट न पाहता सांगा, कुठे दुखत असेल, लघवीचं इन्फेक्शन असेल, एखाद्या गोळीची वेळ बदलावी लागेल, यातलं बरंचसं सुधारता येतं. तुम्हाला स्वतःला फारच जड झालं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे, आणि ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७, दोन्ही सरकारी आणि फुकट.